परसातील घोळ : तिची ओळख व तिच्या नावाने चाललेला घोळ

एकाच रोपट्यास शेतकरी तण म्हणून उपटून बांधावर फेकतो, सुगरण भाजी म्हणून खुडून चुलीवर घालते आणि वैद्य औषध म्हणून खलात घालतो, असे उदाहरण पाहावयाचे असल्यास फार दूर जावयास नको. मोरीच्या सांडपाण्याचा पाट जेथे परसात उतरतो तेथे, उकिरड्याच्या कडेस, तुळशीवृंदावनाच्या फटीत, मिरचीच्या व कांद्याच्या वाफ्यात, जेथे जमीन मोकळी, ऊन भरपूर व ओल थोडी तेथे घोळ आपोआप पसरते. तिला कोणी पेरीत नाही, पाणी देत नाही, खत घालीत नाही. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूची किंमत आपल्याकडे कोणी करीत नाही, हे एक. आणि जो करू लागतो तो एकदम तिला अमृतवल्ली ठरवून मोकळा होतो, हे दुसरे. ह्या दोन्ही वृत्तींविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. घोळ हे खाण्याजोगे व काही मर्यादेत औषधाजोगे तण आहे. परंतु ते ओळखून, जागा पाहून व प्रकृती पाहून खावे, आणि ज्या गरिबांच्या पानात ते आजवर पडत आले त्यांच्या तोंडचे ते काढून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही वैद्य नव्हे, वनस्पतिशास्त्रज्ञही नव्हे. मराठी शाळेत शिकून महसूल खात्यात कारकुनी केली व सेवानिवृत्त झालो. पीकपाहणीच्या दिवसांत बांधोबांध हिंडावे लागे, तेव्हा पिकांबरोबर तणेही डोळ्यांखालून गेली. गाव नमुना बारामध्ये पिकास रकाना आहे, मिश्र पिकास आहे, पडीत जमिनीस आहे. निंदणीस आलेली बाई सायंकाळी ओटीत जी भाजी घेऊन जाते तिला मात्र रकाना नाही. खात्याचा ह्यात दोष नाही, जिच्यावर कोणी हक्क सांगत नाही तिची नोंद कोणी करावी? परंतु २०१२-१३ च्या व पुन्हा २०१५-१६ च्या दुष्काळात टँकरच्या फेऱ्यांचे हिशेब ठेवीत असता आम्ही एक गोष्ट पाहिली. पैसेवारी पन्नासच्या पुष्कळ खाली गेलेल्या गावात, टाकीच्या तोटीखाली जेथे थेंब थेंब पाणी गळत असे तेवढ्या हातभर जागेत जे हिरवे दिसे ती घोळ असे, आणि हंडा भरेपर्यंत बायका ती खुडून पदरात घेत. बाजारात मेथीची जुडी परवडत नव्हती तेव्हा त्या घरांत पालेभाजी म्हणून हीच होती.

आता ओळख. ह्या भागावर आम्ही वाचकांचा वेळ थोडा अधिक घेणार आहो, कारण पुढील सर्व गुणदोष ओळख बरोबर असेल तरच खरे.

घोळ जमिनीस बिलगून पसरते. एका मुळापासून चार-सहा फांद्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे जातात. टोके मात्र थोडी उचललेली असतात. दाट वाफ्यात गर्दी झाली तर ती वीतभर किंवा जास्त उभीही वाढते. दांडा गोल, गुळगुळीत, रसाने भरलेला; खालून हिरवा व उन्हाच्या बाजूस तांबूस. त्यावर केस नसतात. वाकविला तर कटकन मोडतो आणि मोडल्या जागी पाण्यासारखा स्वच्छ रस येतो. पाने जाड व मांसल, देठ जवळजवळ नसलेली, बुडाशी निमुळती व टोकाशी गोलट, लहानशा पळीच्या आकाराची. फांदीच्या शेंड्याशी पाने जवळ जवळ येऊन त्यांचा झुबका होतो व त्या झुबक्यात बिनदेठाचे पिवळे फूल बसते. पाकळ्या बहुधा पाच, प्रत्येकीच्या टोकास बारीक खाच. हे फूल ऊन वर आल्यावर उमलते व दुपारपर्यंत मिटून जाते. ढगाळ दिवशी बहुधा उमलतच नाही. बागेतील जी रंगीत फुले कचेरीच्या वेळेस उमलतात म्हणून लोक त्यांस ‘ऑफिस टाइम’ म्हणतात तीही घोळीचीच नात्यातली आहेत. आम्हां कारकुनांवर हा टोमणा असावा. पण ती शोभेची, खाण्याची नव्हेत. घोळीचे फूल गेल्यावर येणारे बोंड कुंकवाच्या करंड्यासारखे आडवे उघडते, वरचे झाकण गळून पडते आणि आत खसखशीहूनही बारीक, काळे, चकचकीत बी दिसते.

हिच्यासारखी दिसणारी पण हिच्या गुणाची नव्हे अशी दोन तणे परसात असतात. पहिले म्हणजे नायटी. हिलाच कित्येक ठिकाणी दुधी म्हणतात. लहान नायटी घोळीप्रमाणेच जमिनीवर चटईसारखी पसरते, तिचाही दांडा तांबूस असतो, आणि दोघी एकाच फटीतून एकमेकींत गुंतून वाढलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. परंतु नायटीचा दांडा दोऱ्यासारखा बारीक व चिवट असतो, त्यावर बहुधा लव असते, पाने पातळ व चपटी असतात, आणि मुख्य गोष्ट अशी की दांडा मोडताच पांढरा दुधासारखा चीक येतो. हा चीक कातडीस झोंबतो, डोळ्यांत गेला तर भारी पीडा करतो व पोटात गेल्यास वांती-जुलाब होऊ शकतात. तेव्हा मोडून पाहावे. दूध आले की टाकून द्यावे. एवढी परीक्षा शाळेतल्या पोरासही शिकविता येते, आणि आमच्या मते शिकवावीच.

मात्र ह्या एका परीक्षेवर विसंबून भागत नाही, कारण दुसऱ्या तणास चीक नाही. ते म्हणजे विषखापरा, ज्यास पांढरी घेटुळी असेही नाव आहे. हाही मांसल, हाही पसरणारा, आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात तर नवख्या डोळ्यास तो जाड्या घोळीसारखाच वाटतो. त्याची खूण पानांच्या जोडीत आहे. पाने समोरासमोर येतात आणि जोडीतील एक पान मोठे, दुसरे लहान असते. पानास स्पष्ट देठ असतो व देठाचे बूड रुंदावून दांड्याभोवती पिशवीसारखे बसते. फूल त्या पिशवीत लपलेले, पांढुरके वा फिकट गुलाबी; पिवळे कधीच नाही. काही ठिकाणी लोक त्याचे कोवळे शेंडे शिजवून खातात हे खरे, पण जून पाल्याने जुलाब होतात, आणि त्याच्या मुळ्या गर्भवती स्त्रीस घातक मानलेल्या आहेत. म्हणून ज्या जागेची भाजी खुडावयाची त्या जागेत एकदा तरी पिवळे फूल डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ती घोळ समजू नये, असा नियम आम्ही आमच्या घरी घालून दिला आहे.

चिवळ ही घोळीची धाकटी बहीण. पाने अगदी लहान व टोकदार, पेरापेराशी पांढुरके केस, फुलास चार पाकळ्या. ही निर्धास्त खावी. विदर्भात तर उन्हाळ्यात बेसन पेरून केलेल्या चिवळीची चव घोळीपेक्षा वरची मानतात, आणि त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे.

नावांचा घोटाळा हे ह्या वनस्पतीचे जन्माचे दुखणे आहे. मराठीत घोळ म्हणजे गोंधळ. कोकणच्या किनाऱ्यावर घोळ मागितली तर कोळीण मासा पुढे करील. संस्कृत ग्रंथांत हिला लोणी किंवा लोणिका म्हटले आहे, म्हणून कोणी भोळा मनुष्य ताकावरचे लोणी समजला तर नवल नाही. हिंदीत ती कुलफा आहे, आणि पंसाऱ्याच्या दुकानी तिचे बी खुर्फा म्हणून मिळते. घेटुळी हे नाव तर विषखापऱ्यासही लावतात आणि पुनर्नव्यासही. शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरासिया असे आहे. लिनीअस ह्या स्वीडिश पंडिताने १७५३ साली ते दिले, व त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच भाजीपाल्याची असा आहे. म्हणजे ज्याने नाव ठेवले त्याने तिला तण म्हणून नव्हे, भाजी म्हणूनच नोंदविले.

हिच्या अंगी आहे तरी काय? मुख्यतः पाणी, शंभर भागांत नव्वदांहून अधिक. उरल्या अल्पस्वल्प भागात मात्र पुष्कळ ऐवज आहे. शंभर ग्रॅम ताज्या घोळीत क जीवनसत्त्व वीस मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम सुमारे अडुसष्ट व पोटॅशियम सुमारे पावणेपाचशे ते पाचशे मिलिग्रॅम असते. अमेरिकेत आर्टेमिस सिमोपौलोस ह्या विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली व पुन्हा १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनी हे तण एकाएकी प्रसिद्धीस आले. शंभर ग्रॅम पानांत तीनशे ते चारशे मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे ओमेगा-३ जातीचा स्निग्धांश, सापडला. पालेभाजीच्या मानाने हे प्रमाण फार मोठे होय. परंतु येथेच एक इशारा द्यावयास पाहिजे. माशाच्या तेलातील ओमेगा-३ व हा ओमेगा-३ एक नव्हेत. आपले शरीर ह्यापासून माशाच्या तेलातला प्रकार फार थोडा बनविते. ‘घोळ खा आणि मासळी सोडा’ अशी जी जाहिरात अलीकडे वाचावयास मिळते ती अर्धे सत्य सांगते.

जुन्या बायका घोळ सकाळी न खुडता दिवस कलल्यावर खुडीत. विचारले तर सकाळची फार आंबट लागते एवढेच सांगत. ह्याचे कारण आता कळले आहे. पाण्याची ओढ लागली म्हणजे ही वनस्पती दिवसा पानांची छिद्रे मिटून घेते व रात्री उघडून हवा आत घेते, आणि ती हवा मॅलिक आम्लाच्या रूपाने पानात साठविते. दिवसभर ते आम्ल खर्ची पडते. म्हणून पहाटे पान आंबट, दुपारनंतर सौम्य. टँकरच्या तोटीखाली ती का जगते हेही ह्यातच आले.

आता दोषाची बाजू, आणि ही बाजू घोळीचे स्तुतिपाठक सांगत नाहीत म्हणून आम्ही लांबवून सांगतो. पहाटेचे ते आम्ल दिवसा जाते. पण दुसरे एक आम्ल पानात कायमचे असते, ते ऑक्झॅलिक. पालकात असते तेच, आणि घोळीत ते पालकाच्या तोडीस तोड असते. मूतखडे जे होतात त्यांतील बहुतेक ह्याच आम्लाच्या व चुन्याच्या संयोगाने झालेले असतात. आणि तरीही ‘मूतखड्यावर रामबाण’ असा फलक घोळीच्या जुडीपुढे लावलेला आम्ही एका प्रदर्शनात स्वतः वाचला आहे. आमच्या ओळखीच्या एका बागाइतदार गृहस्थांनी तोच फलक वाचला. त्यांस पूर्वी दोनदा खडा झालेला. त्यांनी महिनाभर रोज सकाळी कच्च्या घोळीचा पेलाभर रस अनशापोटी घेतला आणि शेवटी पाठीत कळ येऊन रात्री जिल्ह्याच्या गावी न्यावे लागले. रसानेच खडा वाढला असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण ज्या प्रकृतीस जे वर्ज्य तेच औषध म्हणून गळ्याखाली उतरविले, ह्यात शंका नाही. फलक लिहिणाराने त्यांस विचारले नव्हते की तुम्हांस पूर्वी काय झाले होते. भाजी म्हणून वाटीभर खाणे आणि दोन जुड्यांचा रस काढून पिणे ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, कारण भाजीत पोट भरले की हात थांबतो, रसात थांबत नाही.

आपल्या घरांत घोळ ताकात करण्याची जी रीत आहे ती ह्या दृष्टीने फार शहाणपणाची आहे. दही-ताकातील चुना त्या आम्लास आतड्यातच बांधून ठेवतो व ते रक्तात कमी उतरते. घोळीत दही मिसळून न्यूझीलंडात केलेल्या प्रयोगात, ज्याची हकीकत २००९ साली प्रसिद्ध झाली, विरघळणारे आम्ल स्पष्टपणे घटलेले दिसून आले. तुर्कस्तानातही घोळ दह्यात कालवूनच खातात. आमच्या घरची रीत अशी. मुळे काढून टाकावीत, तीन-चार पाण्यांतून धुवावी, कारण पसरट भाजी म्हणून माती फार धरते. चिरून उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे घालून ते पाणी ओतून द्यावे. आम्लाचा काही भाग त्याबरोबर जातो. पाण्याबरोबर क जीवनसत्त्वही थोडे जाते, ते जाऊ द्यावे, लिंबू आहेच. मग भिजलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, थोडे बेसन लावलेले आंबट ताक व वरून लसणीची फोडणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी आठवड्यातून एक-दोनदा निरोगी मनुष्याने खुशाल खावी. ज्यास खडा होऊन गेला आहे, ज्याच्या मूत्रपिंडास विकार असून वैद्याने पोटॅशियम वर्ज्य सांगितले आहे, किंवा जो रक्त पातळ होण्याची गोळी घेतो, त्याने मात्र डॉक्टरास विचारल्यावाचून हिच्या वाटेस जाऊ नये.

औषध म्हणून हिच्याविषयी काय म्हणावे? भावप्रकाशात लोणी अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याधीस हितकर, व दीपन सांगितली आहे. चीनच्या अधिकृत औषधग्रंथात तिला स्थान आहे. तेथे तिला घोड्याच्या दातांची भाजी अशा अर्थाचे नाव असून आव-अतिसारावर ती देतात. मूळव्याधीस तिचा उपयोग आम्हांस पटण्याजोगा वाटतो, कारण तिच्यातील बुळबुळीत अंश कोठा मऊ ठेवतो. परंतु शौचावाटे रक्त जात असल्यास भाजीवर विसंबून महिने काढणे हे वेड होय. प्रत्येक रक्त मूळव्याधीचेच असते असे नाही. घामोळे, उन्हाने झालेली लाही, किडामुंगी चावल्याची आग, तळपायांची जळजळ, ह्यांवर स्वच्छ धुतलेला पाला वाटून लावल्यास थंडावा येतो, हे आमच्या घरच्या अनुभवाचे आहे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थोडा लावून पाहावा, आणि उघड्या जखमेवर किंवा मोठ्या भाजण्यावर कधीही थापू नये. मधुमेहावर हिच्या बियांच्या काही लहान चाचण्या इराण, इजिप्त वगैरे देशांत झाल्या आहेत व त्यांत साखर थोडी उतरल्याचे आढळले, हे खरे. पण तेवढ्यावर चालू असलेली गोळी सोडावी असे त्या चाचण्या करणारांनीही म्हटलेले नाही. लघवीच्या जळजळीवर पाल्याचा रस देण्याची चाल खेड्यांत आहे. ताप, पाठीत दुखणे किंवा रक्त ह्यांपैकी काहीही सोबत असेल तर त्या रसाने फक्त दवाखाना चार दिवस लांबतो. आणि गर्भवती स्त्रीने हिचा काढा, रस वा बी औषधाच्या मात्रेत घेऊ नये.

जनावरांविषयीही एक शब्द. निंदून काढलेल्या घोळीची पाटीच्या पाटी उपाशी मेंढ्यांपुढे वा शेळ्यांपुढे ओतण्याची सवय वाईट. तेच आम्ल, आणि खताच्या जागी वाढलेल्या घोळीत नायट्रेटही, एकदम पोटात जाऊन जनावरे दगावल्याची उदाहरणे ऑस्ट्रेलियात नोंदलेली आहेत. कडब्याच्या जोडीस मूठ-दोन मुठी दिल्यास हरकत नाही.

जागेचा विचार तर सर्वांत आधी केला पाहिजे. घोळ खारवट जमिनीतही वाढते व जमिनीतील क्षार तसेच जड धातू अंगात ओढून घेते. म्हणून कारखान्याच्या सांडपाण्याच्या चरातली, हमरस्त्याच्या कडेची, गॅरेजमागच्या तेलकट मातीतली घोळ दिसावयास कितीही टवटवीत असली तरी खाऊ नये. आणि फवारलेल्या शेतातली तर मुळीच नव्हे.

ह्या फवारणीच्या प्रश्नावर आम्हांस स्पष्ट बोलावयाचे आहे, व ते वाचून आमचे काही शेतकरी बंधू रागावतील हे आम्ही जाणून आहो. घोळीपासून पिकास उपद्रव होत नाही असे आमचे म्हणणे नाही. एका झाडास हजारो, क्वचित लाखांवर बी धरते. ते जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. उपटून टाकलेले झाडही अंगातील ओलाव्यावर बोंडे पिकविते आणि मोडलेला तुकडा ओल्या जमिनीत पुन्हा मूळ धरतो. कांद्यासारख्या सावली न धरणाऱ्या पिकात ती माजली तर कांदा पोसत नाही, हे नाशिककडील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. मजूर वेळेवर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. अशा स्थितीत सोयाबीन पेरल्याबरोबर पेंडिमेथॅलिन आणि उगवल्यावर इमाझेथापायर, कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन, हा क्रम पडला आहे, आणि तो केवळ उपदेशाने मोडणार नाही.

परंतु निंदणी गेली तेव्हा तिच्याबरोबर काय काय गेले ह्याचाही हिशेब मांडावा. निंदणीस येणाऱ्या बाईस रोज मिळे, आणि रोजावर ओटीभर घोळ, तांदुळजा, पाथरी मिळे. मालकाच्या दृष्टीने ते तण होते, तिच्या दृष्टीने रात्रीचे कालवण. एका पीकपाहणीत एका म्हाताऱ्या मजूर बाईने आम्हांस भाऊसाहेब म्हणून हाक मारून विचारले होते की, तणाला औषध मारतात त्याची नोंद कागदावर होते का, आणि आमच्या भाजीची का होत नाही? त्या प्रश्नास आमच्या दप्तरात उत्तर नव्हते. रोज गेला ही गोष्ट निदान लोक बोलतात. भाजी गेली हे कोणी बोलत नाही. आणि त्याहून भयंकर गोष्ट ही की भाजी पुष्कळदा जातही नाही, ती फवारलेल्या अंगाने तेथेच उभी असते. उगवणीनंतरचे तणनाशक मारल्यावर तण त्याच दिवशी वाळत नाही. कित्येक दिवस ते हिरवे दिसते. दुसऱ्या गावची बाई बांधावरून जाते, कोवळी घोळ पाहते आणि खुडते. तिला कोण सांगणार? शेतमालक मोटारसायकलीवरून केव्हाच परतलेला असतो. बांधावर व पडीत कडेस ग्लायफोसेट मारण्याची चाल तर सर्रास आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रणाच्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, तरी बांध पिवळे पडलेले आम्ही त्यानंतरही पाहिले आहेत. बांधास पीक नसते, मग तेथे फवारा कशासाठी, असे विचारले तर स्वच्छ दिसावे म्हणून, असे उत्तर मिळाले. स्वच्छ दिसण्यासाठी दुसऱ्याच्या भाजीत विष घालण्याचा अधिकार सात-बारावर नाव असल्याने मिळत नाही.

आमची सूचना साधी आहे. ज्या शेतात फवारणी झाली तेथे पायवाटेच्या तोंडाशी काठीस लाल फडके बांधून ते पुढच्या चांगल्या पावसानंतरही काही दिवस ठेवावे, व गावात त्याचा अर्थ चावडीवर एकदा सांगावा. खर्च एका फडक्याचा. विहिरीजवळील दोन सरी आणि बांधाची एक बाजू कधीही फवारू नये, आणि तेथून खुडण्यास मजूर बायांस मोकळीक असावी. अलीकडे पावसाळ्यात कृषी खात्यातर्फे जागोजागी रानभाजी महोत्सव भरतात, ही उत्तम गोष्ट आहे. पण तेथील फलकावर कोणत्या रोगावर गुणकारी हे लिहिण्याऐवजी कोणी खाऊ नये व कोणत्या तणाशी चुकामूक होते हे लिहावे. आपल्या संघाने घोळ, नायटी व विषखापरा ह्या तिघांची जिवंत रोपे तीन कुंड्यांत लावून जूनपासून तीन महिने कार्यालयाच्या ओट्यावर ठेवली तर छापील चित्रांपेक्षा अधिक काम होईल. बी-बियाणे घेण्यास आलेला मनुष्य दोन मिनिटे मोडून पाहील व घरी जाऊन सांगेल.

ज्यांस शेतातील भाजीचा भरवसा वाटत नाही त्यांनी परसात एक वाफा लावावा. बी फार बारीक म्हणून मूठभर राखेत किंवा बारीक वाळूत मिसळून फेकावे. वर मातीचा थर देऊ नये, नुसते हाताने दाबून झारीने पाणी द्यावे. हे बी उजेडावर व उबेवर उगवते, खोल गेले तर वर्षानुवर्षे झोपून राहते. थंडीत पेरून उपयोग नाही, फाल्गुनानंतर पेरावे. चार ते सहा आठवड्यांत पहिली खुडणी मिळते. बुडाशी दोन पेरे ठेवून कापले तर पुन्हा फुटवा येतो, अशा तीन खुडण्या सहज होतात. शेंड्यावर बोंडे दिसू लागली की बियांपुरती दोन झाडे ठेवून बाकीची मुळासकट काढावीत व ती उकिरड्याच्या कडेस नव्हे तर खड्ड्याच्या मध्यावर, शेणाखाली दाबावीत. कडेस टाकली तर ती तेथेच मूळ धरतील, आणि पुढील वर्षी शेजारी आपल्या कांद्यात घोळ का झाली म्हणून विचारावयास येईल.